मार्चमधले ढालकिडे, सप्टेंबरचं बिल

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या पट्ट्यातल्या मराठी घरांमध्ये फेब्रुवारी सरता सरता एक प्रश्न हमखास फिरू लागतो. दक्षिणेकडच्या खिडकीवर एका दुपारीत पन्नास-साठ नारिंगी किडे जमलेत, फवारणीवाला अडीचशे डॉलर सांगतोय, देऊ का? माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: आत्ता देऊ नका. तेवढ्याच पैशात सप्टेंबरमध्ये जे काम होतं, त्याच्या निम्मंही मार्चमध्ये होत नाही.

कारण हे किडे मार्चमध्ये घरात शिरलेलेच नसतात. ते शिरले गेल्या ऑक्टोबरात. पहिली थंडीची लाट येऊन गेली की दोन-चार दिवस पुन्हा ऊन तापतं, पारा साठ-पासष्ट फॅरनहाइटच्या वर जातो. त्या दुपारी ढालकिडे थव्याने उडतात आणि उन्हातल्या फिकट रंगाच्या भिंती गाठतात. त्यांच्या मूळ मुलखात ते हिवाळा काढायला उघड्या कड्यांच्या कपारीत शिरतात. इथे पांढरट व्हायनिलची भिंत त्यांना कड्याच्या जागी चालते. फटीतून भिंतीच्या पोकळीत किंवा अ‍ॅटिकमध्ये गेले की हिवाळाभर निपचित पडून राहतात. वसंताच्या तोंडावर भिंत तापते, ते जागे होतात, उजेडाच्या दिशेने चालू लागतात आणि त्यातले बरेच चुकून दिवाणखान्यात उतरतात. तुम्हाला खिडकीवर दिसतात ते बाहेर जायला निघालेले किडे. त्यांच्यावर फवारा मारायचा म्हणजे निघालेल्याला हाकलायचे पैसे मोजायचे.

हा आपला नेहमीचा लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा नव्हे. हा आशियाई ढालकिडा, चीन-जपान-कोरियाकडचा. अमेरिकेने तो स्वतःच्या हाताने आणला. पिकांवरचा मावा खाईल म्हणून १९१६ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सोडून पाहिला, मग १९७८ ते १९८२ या काळात कृषी खात्याने बऱ्याच राज्यांत सोडला. १९८८ साली लुइझियानात तो रानात वस्ती करून राहिलेला आढळला आणि पुढे देशभर पसरला. ब्रिटनमध्ये तो २००४ साली पोचला, त्यामुळे तिकडच्या घरांनाही पुढचं बरंचसं लागू आहे, फक्त डॉलरच्या जागी पौंड धरा. ओळखायची खूण सोपी आहे. डोक्यामागच्या पांढुरक्या पट्टीवर काळं इंग्रजी ‘एम’ अक्षर असतं. पाठीचा रंग मोहरीपासून गडद लालपर्यंत काहीही, ठिपके असतील किंवा नसतील. त्यावर जाऊ नका.

आता नुकसान किती ते बघा, म्हणजे खर्च किती करायचा ते ठरवता येईल. हा किडा लाकूड पोखरत नाही, कपडे-धान्य खात नाही, घरात अंडी घालत नाही. त्रास दोनच. एक म्हणजे डिवचला किंवा चिरडला की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रव पाझरतो, त्याला कुबट वास असतो आणि फिकट पडद्यावर, भिंतीवर डाग राहतो. दुसरा म्हणजे काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते: शिंका, डोळ्यांची चुरचुर, कधी दमाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर माझा ‘थांबा’चा सल्ला थोडा सैल करा आणि किडे काढायचं काम रोजच्या रोज करा. कुत्रा असेल तर त्याला खिडकीखाली पडलेले किडे चघळू देऊ नका. ते टाळूला चिकटून बसल्याची आणि तोंड पोळल्याची उदाहरणं पशुवैद्यांनी नोंदवली आहेत, आणि तिथलं बिल या सगळ्या हिशोबावर पाणी फिरवणारं असतं.

तर मार्चमध्ये करायचं काय? पाच-दहा असतील तर ग्लास आणि पोस्टकार्ड. उबदार दिवस असेल तर सरळ बाहेर सोडा, तुमच्याच गुलाबावरचा मावा खातील. खर्च शून्य. शेकड्याने असतील तर व्हॅक्यूम. पण नुसता नाही, नाहीतर तो द्रव आतल्या पिशवीत शिरतो आणि पुढचे दोन महिने यंत्र सुरू केलं की तोच वास. गुडघ्यापर्यंतचा पातळ नायलॉनचा मोजा घ्या, नळीच्या तोंडात आतल्या बाजूला सोडा, त्याची कड नळीवर उलटून रबरबँडने घट्ट बांधा. हवा मोज्यातून जाते, किडे मोज्यात अडकतात. काम झालं की यंत्र बंद करायच्या आधी मोजा बाहेर ओढून गाठ मारा. यंत्र आधी बंद केलंत तर निम्मे चालत परत येतात. मग मोजा साबणाच्या पाण्याच्या बादलीत. मोज्यांची जोडी दोन-तीन डॉलरला मिळते. त्यासाठी वेगळं छोटं शॉप-व्हॅक घ्यायचं म्हटलं तर पन्नास ते ऐंशी डॉलर, पण ते गॅरेज झाडायला वर्षभर उपयोगी पडतं.

अंधाऱ्या अ‍ॅटिकमध्ये पुष्कळ जमले असतील तर प्रकाश-सापळा चालतो. उजेड असलेल्या खोलीत त्याचा उपयोग नाही. किडे सापळा सोडून खिडकीकडे जातात.

दुकानात तीन डब्यांचा ‘फॉगर’ पंधरा-वीस डॉलरला दिसेल. घेऊ नका. धूर भिंतीच्या पोकळीत पोचत नाही, उलट पायलट लाइटजवळ भडका उडायचा धोका असतो. भिंतीत भोकं पाडून आत पावडर मारून देतो म्हणणाराही भेटेल. समजा, आतले हजारभर किडे मेले. मेलेल्या किड्यांचा ढीग भिंतीतच राहतो आणि त्यावर कार्पेट-भुंगे पोसले जातात. ते पुढे लोकर खातात, तुमची पैठणी आणि पश्मिनाही सोडत नाहीत. निरुपद्रवी किडा घालवून उपद्रवी किडा पाळायचा, तोही पैसे देऊन.

एप्रिलात भारतातून आई-बाबा येतात, त्यांच्या बॅगेतल्या उपायांबद्दलही सांगून ठेवते. ‘लक्ष्मणरेषा’सारखा कीटकनाशक खडू अमेरिकेत बेकायदा आहे. पर्यावरण खात्याने त्याबद्दल इशारे दिले आहेत, कारण पोरं तो साधा खडू समजून हाताळतात. डांबरगोळ्या अ‍ॅटिकमध्ये पसरल्या तर ढालकिडे जात नाहीत आणि वास मात्र खालच्या खोल्यांत उतरतो. शिवाय त्या बंद डब्यातल्या कपड्यांसाठीच विकल्या जातात, दुसरीकडे वापरणं लेबलाविरुद्ध, म्हणजे कायद्याविरुद्ध आहे. आईंना या सगळ्याचं नवल वाटणार हे नक्की. आपल्याकडे ढालकिडा मित्रकीटक. द्राक्ष आणि सीताफळाच्या बागांत पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त करायला याच कुळातला क्रिप्टोलिमस विकत आणून सोडतात. आणि इथेही, वसंत आला की बागकामाच्या दुकानात जिवंत ढालकिड्यांची दीड हजारांची पिशवी दहा-वीस डॉलरला लटकलेली असते, त्याच दुकानात पलीकडच्या फळीवर किडे मारायचा फवारा.

खरं काम आहे फटी बुजवण्याचं, आणि त्याचे दिवस ऑगस्टच्या अखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत. अष्टमांश इंचाची फट त्यांना पुरते, म्हणजे पेन्सिलच्या निम्म्या जाडीची. फटी शोधायला आपल्या देवघरातलीच वस्तू लागते. वारा सुटलेल्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने फिरवा. पडदे दूर सारून ठेवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, झुकला किंवा थरथरला तर तिथे फट आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनातही हीच युक्ती दिलेली आहे. अ‍ॅटिकमध्ये भर दुपारी दिवा बंद करून दोन मिनिटं उभे राहा. जिथून उजेडाची रेघ येते तिथून किडाही येतो.

साहित्याचा हिशोब असा. बाहेर वापरायचं, रंग लागणारं अ‍ॅक्रिलिक-लेटेक्स कॉक घ्या, नळीला सहा ते नऊ डॉलर. शुद्ध सिलिकॉनवर रंग बसत नाही. पाव इंच जाड रेघ ओढली तर एक नळी पंचवीस-तीस फूट पुरते. तीन बाय पाचच्या खिडकीचा घेर सोळा फूट, म्हणजे दोन खिडक्यांनाही एक नळी पुरत नाही. बारा खिडक्यांच्या घराला सात नळ्या, म्हणजे पन्नास-साठ डॉलर. कॉकची बंदूक दहा-पंधरा. दाराखालची पट्टी प्रत्येकी बारा ते वीस, गॅरेजच्या दाराचं रबर वीस ते चाळीस. एसीची नळी, केबल, बागेचा नळ जिथून भिंतीत शिरतात तिथे मोठी भोकं असतात, त्यांना फोमचा एक डबा, सहा-आठ डॉलर. अ‍ॅटिकच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी, गुंडाळीला पंधरा-वीस. फाटलेली खिडकीची जाळी स्वतः बदलली तर पंधरा, दुकानात नेली तर तीस-चाळीस. सगळं मिळून दीडशे ते दोनशे डॉलर आणि दोन शनिवार-रविवार. हे ढोबळ आकडे. बोस्टन आणि सिंसिनाटीत फरक पडणारच.

इथे एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात प्रत्येक भोक बुजवू नका. विटांच्या भिंतीत तळाशी, दोन विटांच्या मध्ये मुद्दाम सोडलेली उभी फट असते, आणि व्हायनिलच्या खिडकीच्या चौकटीला खालून छोटी आडवी चीर असते. आत आलेलं पाणी बाहेर पडायची ती वाट आहे. तिथे कॉक भरलंत तर दोन-तीन वर्षांत भिंत आतून कुजते आणि तेव्हाचं बिल पाच आकडी असू शकतं. विटांमधल्या फटीत जाळीचा तुकडा बसतो, चौकटीच्या चिरेला हात लावू नका. ड्रायर आणि फर्नेसच्या धुराड्यालाही नाही. ड्रायरच्या तोंडावर जाळीसुद्धा नको, तिथे कापसाचा थर साचून आग लागते. झडप नीट मिटते एवढंच बघा.

दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसाठी मात्र शिडीवर चढायचं धाडस करू नका असं मी स्पष्ट म्हणेन. हँडीमन तासाला साठ ते शंभर डॉलर घेतो, अर्ध्या दिवसाचं काम, तीन-चारशेत भागतं. हाच पैसा हीटिंगच्या बिलातही थोडा परत येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये असाल तर आधी ‘मास सेव्ह’ची घर-तपासणी करून घ्या, ती मोफत असते, इतर राज्यांत वीज-गॅस कंपनीला फोन करून अशी योजना आहे का विचारा. याच फटींतून स्टिंक बगही येतात, त्यामुळे एका कामात दोन्ही निभावतात.

एवढं करूनही घर शेताशेजारी किंवा सोयाबीनच्या पट्ट्यात असेल तर फवारणी लागू शकते. तिथेही वेळ महत्त्वाची. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, किडे भिंतीवर यायच्या आधी, बाहेरून, दक्षिण आणि पश्चिम बाजूला आणि छपराच्या कडेखाली. ही पायरेथ्रॉइड जातीची औषधं उन्हाने काही आठवड्यांत विरतात. म्हणून ऑगस्टमध्ये मारलेली ऑक्टोबरला उपयोगी नाही आणि मार्चमध्ये मारलेली कशालाच नाही. एका वेळच्या बाह्य फवारणीला साधारण दीडशे ते साडेतीनशे डॉलर पडतात.

विक्रेता मात्र एका वेळचं सांगत नाही. तो टॅब्लेट पुढे करून तिमाही योजना दाखवतो: पहिली फेरी नव्व्याण्णव, मग दर तीन महिन्यांनी सव्वाशे. ऐकायला स्वस्त. वर्षाचा आकडा पाचशेच्या घरात जातो, आणि चारपैकी एकच फेरी ढालकिड्यांच्या कामाची असते. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या यांचाही त्रास असेल तर योजना घेण्यात तथ्य आहे. फक्त ढालकिड्यांसाठी नाही. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: फवारणीची तारीख, औषधाचं नाव आणि त्याचा ईपीए नोंदणी क्रमांक, फवारणाऱ्याचा राज्य परवाना, आणि तीस दिवसांत किडे दिसले तर पुन्हा येण्याचे पैसे पडतील का. मधेच योजना सोडली तर दंड किती, हे विचारायला लोक विसरतात. तो बारीक अक्षरांत शंभर-दोनशे डॉलरचा असतो. फटी बुजवण्याचंही कंत्राट घेतो म्हणाला तर ते वेगळं लिहून मागा, खिडक्या मोजून. नुसतं ‘संपूर्ण घर, बाराशे’ असं असेल तर हँडीमनचा भाव शेजारी ठेवून बघा.

घरमालकाच्या विम्यावर भिस्त ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत किड्यांचं नुकसान वगळलेलं असतं.

टाउनहाउस किंवा काँडो असेल तर खिशात हात घालण्यापूर्वी असोसिएशनचे नियम काढा. बाहेरची भिंत, छप्पर, झरोके बहुतेक ठिकाणी असोसिएशनच्या अखत्यारीत येतात आणि तुम्ही परस्पर कॉक किंवा फवारणी केलीत तर उलट तुम्हालाच नोटीस येऊ शकते. भाड्याच्या घरात घरमालकाला लेखी कळवा. दोन्हीकडे आत्ता, मार्चमध्येच, खिडकीवरच्या किड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, किती, हेही लिहा. सप्टेंबरमध्ये काम कुठून सुरू करायचं ते त्यावरूनच ठरेल. अर्ज जूनमध्ये टाका. जुलैच्या सभेत मंजुरी मिळाली तर काम वेळेत होतं. ऑक्टोबरमध्ये, भिंत नारिंगी झाल्यावर फोन केलात, तर कंपनीची पुढची मोकळी तारीख थँक्सगिव्हिंगनंतरची मिळते.