आधी यजमानाची गोष्ट, मग पाहुण्याची

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दहा रुपये दंड असायचा. सांगायचा मुद्दा असा, की लिहिताना अजूनही माझा हात थोडा थांबतो.

मागच्या सेमिस्टरला ह्युमॅनिटीजच्या इलेक्टिव्हमध्ये सगळ्यांना सेमिनार होता. बहुतेकांनी ‘सोशल मीडियाचे परिणाम’ घेतला, कारण सीनियर्सच्या स्लाइड्स तयार होत्या! मी घेतला ‘स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले लोककथा सांगणारे’. शाळेच्या लायब्ररीत आयरिश गोष्टींचं एक फाटकं पुस्तक होतं. त्यात सावत्र आईच्या शापाने नऊशे वर्षं राजहंस होऊन राहिलेल्या लिरच्या मुलांची गोष्ट होती. ती वाचून मी चौथीत असताना रडले होते. विषय निवडायला एवढं कारण पुरे झालं.

वाचायला लागल्यावर पहिला धक्का हा, की तिकडे हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. म्हणजे एक माणूस, हातात कागद नाही, वाद्य असलं तर असलं, आणि समोर शंभर माणसं. सकाळी एखाद्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी लायब्ररीत, संध्याकाळी मोठ्यांच्या कार्यक्रमात. एडिंबरोमध्ये 2006 पासून खास कथाकथनासाठी बांधलेलं केंद्र आहे आणि तिथे दर ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. आयर्लंडच्या दक्षिण टोकाजवळच्या केप क्लिअर बेटावर 1994 मध्ये असाच महोत्सव सुरू झाला. बाकी पगार वगैरे नाही, कार्यक्रमाप्रमाणे मानधन. आज बोलावलं तर काम, नाहीतर घरी! प्रवास तर इतका, की आपल्याकडच्या तमाशाच्या फडाची आठवण व्हावी. फरक एवढाच, की इथे फड एकट्याचाच.

पूर्वी मात्र गोष्टीचं कुणी मानधन देत नसे. आयर्लंडमध्ये जुन्या गोष्टी आणि गावाची माहिती जपणाऱ्याला ‘शनखी’ म्हणतात. तो शेतकरी असे, कोळी असे, शिंपी असे. हंगामही ठरलेला. ऑक्टोबरअखेर पिकं घरात आली की शेकोटीभोवती गोष्टी सुरू, आणि वसंतात शेतीची कामं निघाली की बंद. स्कॉटलंडच्या गेलिक भाषिक भागात एक रीत होती. पहिली गोष्ट यजमानाने सांगायची आणि मग उजाडेपर्यंत पाहुण्याने. ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्या माणसामुळे माझा सेमिनार वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं चालला, त्याच्याविषयी. शॉन ओ कॉनिल, केरी परगण्यातला समुद्राकाठचा शेतकरी आणि मच्छीमार. शाळेत कधी गेला नाही. जेम्स डेलार्गी नावाचा तरुण अभ्यासक 1923 मध्ये त्याच्याकडे पोचला तेव्हा शॉन सत्तरीत होता. तोवर गावात ऐकणारे उरलेच नव्हते. गोष्टी होत्या आयरिश भाषेत आणि नवी पिढी इंग्रजीकडे वळलेली. मग हा म्हातारा काय करायचा? आपल्या गोष्टी विसरू नयेत म्हणून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्या मोठ्याने स्वतःलाच सांगायचा. बाजारातून परतताना गाडीच्या मागे चालत, हातवारे करत, आवाज चढवत-उतरवत, म्हणजे पूर्ण प्रयोग. आणि श्रोते कोण? गाडी!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि रूममेट झोपली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

शॉन 1931 मध्ये गेला, पण तोवर डेलार्गीने त्याच्या गोष्टी उतरवून घेतल्या होत्या. त्यांचं पुस्तक 1948 मध्ये आलं. मधल्या काळात, 1935 मध्ये, आयर्लंडच्या सरकारने लोककथा गोळा करायला आयोगच नेमला आणि डेलार्गी त्याचा प्रमुख झाला. गोळा करणारे सायकलवर किंवा मोटारीने एडिफोन नावाचं जड यंत्र घेऊन फिरायचे. मेणाच्या नळकांड्यावर सुई आवाज कोरायची. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असं काम. पण पैसे कमी, नळकांडी मोजकी, म्हणून गोष्ट कागदावर उतरवून झाली की मेणाचा वरचा थर तासायचा आणि तेच नळकांडं पुन्हा वापरायचं. शब्द राहिले, आवाज बहुतेकांचे तासले गेले. 1937 ते 1939 मध्ये तर सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. ज्या देशात शंभरेक वर्षांपूर्वी आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवायचे आणि प्रत्येक शब्दाला तिच्यावर खाच पाडून संध्याकाळी खाचा मोजून छड्या द्यायचे, तिथेच हा गृहपाठ! माझे दहा रुपये मला फारच स्वस्त वाटले.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो विद्यापीठाने 1951 मध्ये असंच काम सुरू केलं. तिथे हेमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन ब्लेअरगौरीच्या रासबेरीच्या मळ्यांत पोचला. तोडणीला भटक्या जमातीची कुटुंबं यायची आणि रात्री तंबूंजवळ गाणी-गोष्टी चालायच्या. गावकरी या लोकांना दारात उभं करत नसत, पण सगळ्यात मोठा साठा त्यांच्याकडेच निघाला. त्यांच्यातलाच डंकन विल्यमसन, 1928 मध्ये लॉक फाइनच्या किनाऱ्यावर तंबूत जन्मलेला. मोलमजुरी करत देशभर फिरला, जाईल तिथे गोष्टी गोळा केल्या आणि उतारवयात शाळांपासून महोत्सवांपर्यंत सांगत राहिला. 2007 मध्ये गेला. त्याची ‘मृत्यू कवचात’ ही गोष्ट इथे मेसमध्येसुद्धा चालेल. जॅक नावाचा पोरगा आजारी आईला न्यायला निघालेल्या मृत्यूला गाठतो, बदडून लहान करतो, एका कवचात कोंबून समुद्रात फेकतो. आई ठणठणीत! मग अंडं फोडायला जातो तर फुटत नाही, कोंबडी कापायला जातो तर मरत नाही, गावातल्या खाटकाचीही तीच तऱ्हा. शेवटी जॅकलाच किनाऱ्यावर ते कवच शोधत फिरावं लागतं.

या लोकांचा एक शिष्टाचार मला फार आवडला. गोष्ट सांगण्याआधी ती कुणाकडून मिळाली ते सांगायचं. आपल्या जर्नलमध्ये कुणी एवढं प्रामाणिक असतं का, सांगा!

आता मुख्य प्रश्न, म्हणजे पाठ कसं करतात? उत्तर असं, की शब्द बहुतेक जण पाठ करतच नाहीत. अनेक स्कॉटिश कथाकारांनी अभ्यासकांना सांगितलं, की गोष्ट डोळ्यांसमोर चित्रासारखी सरकते आणि आम्ही दिसतं ते सांगतो. जुन्या वीरकथांत मात्र मधेमधे लयबद्ध ठरीव तुकडे येतात, नाव समुद्रात लोटताना, लढाईला सज्ज होताना. ते तोंडपाठ असतात, आणि तोंड ते म्हणत असताना डोकं पुढच्या प्रसंगाची जुळवाजुळव करतं. कीर्तनकार बुवा मधेच नामाचा गजर करायला लावतात तेव्हा तेही थोडं हेच करत असावेत, असा माझा संशय आहे. दुसरं म्हणजे समोरच्यांचे डोळे दिसले पाहिजेत, म्हणून प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण बंद केलेले बऱ्याच जणांना नको असतात.

हे मला सेमिनारच्या दिवशी पटलं. मी ‘गोष्ट न येणारा माणूस’ ही आयरिश गोष्ट नमुना म्हणून घेतली होती आणि मोबाइलवरून वाचायला लागले. दुसऱ्या मिनिटाला मागचा बाक झोपला. मग मी मोबाइल उलटा ठेवला. एक टोपल्या विणणारा तरुण धुक्यात वाट चुकतो, एका म्हातारा-म्हातारीच्या घरी पोचतो. जेवण झाल्यावर ती म्हणतात, गोष्ट सांग. हा म्हणतो, मला एकही येत नाही. बरं, मग विहिरीवरून पाणी तरी आण. विहिरीपाशी वारा त्याला उचलून नेतो, थेट एका मयताच्या घरी. तिथे सगळे याला नावाने ओळखतात! वाजवायला फिडल देतात, धर्मविधी करायला लावतात. शेवटी तिरडी उचलणाऱ्या चौघांतला एक फार उंच निघतो, तर हे म्हणतात, तू डॉक्टर, याच्या पायाचा तुकडा काढून लेव्हल कर. इथे सिव्हिलचा मागचा बाक जागा झाला! पुन्हा वारा येतो आणि त्याला विहिरीपाशी आणून टाकतो. म्हातारी म्हणते, आता कुणी विचारलं तर तुझ्याकडे सांगायला गोष्ट आहे.

त्या रात्री मी वाईजवळच्या आमच्या गावी आजीला फोन लावला. लहानपणी सुट्टीत ती रोज गोष्ट सांगायची. मी पाचवी-सहावीत असताना तिला मधेच थांबवून ‘आजी, बोअर होतंय’ म्हणाले होते. त्यानंतर तिने स्वतःहून कधी सांगितली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. आता मला ती सात रांजणांची गोष्ट हवी होती, जिचा शेवट मला आठवत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून विचारलं.

“इतक्या वर्षांनी?” आजी म्हणाली. “आधी तू सांग एखादी. मग मी.”

मी टोपल्या विणणाऱ्याची सांगितली. इंग्रजी शब्द न वापरता सांगायला जाम त्रास झाला, फिडलला मी सनई केलं. आजी मधे एकदाही बोलली नाही, फक्त हुंकार देत होती. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ शांतता.

“आणि पाणी?” तिने विचारलं. “पाणी आणलं का न्हाई त्यानं शेवटी?”