उजेड सोसत नाही, तरी प्रकाशोपचार?

आपल्या भागातील बरीच मुले-मुली आता कॅनडा, स्वीडनसारख्या देशांत आहेत. तेथे हिवाळ्यात दिवस फार लहान होतो. काहींना दरवर्षी त्याच सुमारास उदासी, अतिझोप व गोड खाण्याची ओढ सुरू होते. या ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणे हा त्यावरील मान्य उपचार आहे.

माझ्या एका रुग्णाची मुलगी टोरांटोला असते. तिला अर्धशिशी आहे. दिव्याने डोके ठणकते म्हणून तिने तो बंद केला आणि नोकरी सोडण्यापर्यंत पाळी आली.

अशांनी उपचार एकदम सोडू नये, मात्रा कमी करावी. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावा. दिवा थोडा दूर ठेवावा किंवा २,५०० लक्सवर एक-दोन तास बसावे. दिवा किंचित बाजूला असावा. डोळे उघडे ठेवावेत, पण त्याकडे टक लावू नये. खोलीतील इतर दिवेही लावावेत. काळा चष्मा मात्र नको. त्याने उपचारच निष्फळ होतो.

नेत्रपटलाचा विकार, मधुमेहामुळे डोळ्यांवर झालेला परिणाम, डॉक्सीसायक्लीनसारखी औषधे किंवा पूर्वी उन्मादाचा झटका आला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये.

आणि पालकहो, फोनवर मूल ‘जगणे नको झाले’ म्हणाले, तर दिव्यावर विसंबू नका. त्याच दिवशी त्याला तेथील डॉक्टरांकडे जायला लावा. औषधे व मानसोपचार यांचाही चांगला उपयोग होतो.