मुलग्याच्याही हाती पळी द्या

मुलांना स्वयंपाक शिकवा म्हटले की आपल्या वस्तीत दोन उत्तरे हमखास मिळतात. मुलीची आई म्हणते, "माझा जन्म चुलीपुढे गेला, पोरीने तरी पुस्तक धरावे." मुलाची आई म्हणते, "पोरगा आहे तो, त्याला कशाला?" पहिल्या उत्तरामागचे दुःख खरे आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. आई कामावर गेली की घरातली लेकरे पाच रुपयांचे पाकीट फोडून भूक भागवतात. तीच मुले पुढे स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला खोली करून राहतात आणि वडापाव-चहावर दिवस काढून पित्ताचे दुखणे घेऊन घरी येतात.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, मैत्रीण म्हणून उभे राहावे असेही बजावले. ते मोजमाप आपल्या स्वयंपाकघरात लावून पाहावे. वर्षावासाच्या समाप्तीला विहारात खीरदान होते. सुजातेच्या खिरीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. खीर वाटायला मुलगे पुढे असतात आणि पातेली घासायला मुली! मुलाने एकदा चहा केला तर गल्लीभर कौतुक होते, मुलगी रोज करते त्याची नोंदही होत नाही.

याचा संबंध आरोग्याशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. पाळीमुळे लोह जाते हे खरेच, पण सगळ्यांना वाढून शेवटी उरलेसुरले खाण्याची सवयही मुलीचे रक्त वाढू देत नाही. म्हणून शिकवण्याचा पहिला नियम हा, की जो रांधेल तोही सगळ्यांबरोबर बसून जेवेल.

सुरुवात घुगऱ्यांपासून करावी. सहा-सात वर्षांचे मूलही यात बरेच काम करू शकते. वाटीभर मटकी किंवा मूग मुलाकडून मोजून, निवडून, धुवून रात्री भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. रोज फडके सोडून मोड किती लांबले ते बघणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो. वाटीभर कडधान्याच्या किती वाट्या झाल्या तेही त्यांनाच मोजू द्यावे, गणिताचा तास आपोआप होतो. मग मोठ्या माणसाने थोडे पाणी व मीठ घालून, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटे ते मऊ शिजवावेत. मोड कच्चे खाल्ल्याने लहान मुलांचे पोट बिघडू शकते. खाली उतरल्यावर कांदा, कोथिंबीर घालावी आणि लिंबू मुलाने पिळावे. लिंबू गॅसवर असताना पिळू नये, उष्णतेने त्यातले 'क' जीवनसत्त्व कमी होते. हेच जीवनसत्त्व डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. चहा उलटे काम करतो, म्हणून जेवणाबरोबर चहा नको, मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो आणि त्यातला रक्तक्षय वेगळ्या कारणाने होतो. अशा मुलाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्यावी.

नऊ-दहा वर्षांनंतर धिरडे शिकवावे. अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, मूठभर चिरलेली मेथी, कांदा, ओवा, हळद, तिखट, मीठ. पाणी एकदम ओतू नये. थोडेथोडे घालत हाताने गुठळ्या मोडाव्यात आणि पीठ पळीवरून सलग ओघळू लागले की थांबावे. तवा तापल्यावर आच कमी करून पीठ पसरायचे, झाकण ठेवायचे, कडा सुटल्या की उलटायचे. पहिले धिरडे बहुतेक फाटते. ते आईने खावे आणि नाव ठेवू नये. सोबत खलबत्त्यात कुटलेली शेंगदाणा-लसणाची चटणी असली की डबा पूर्ण होतो. कुटायला मुलांना फार आवडते, दाणे मात्र आधी भाजून गार करून द्यावेत.

बारा-तेराव्या वर्षी कुकर. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि घरात असेल ती भाजी. खिचडी येणारे मूल परगावी उपाशी राहत नाही. शिट्टी होण्याआधी वाफेची वाट मोकळी आहे का ते पाहायला शिकवावे. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाशी झटापट करायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे.

आगीजवळ मुलांना एकटे सोडू नये. ओढणी कमरेला खोचलेली, कपडे सुती, भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला. गॅस जमिनीवर असेल तर रांगते लेकरू दुसऱ्या खोलीत. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचे. भाजले तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नये, फोड फोडू नये. जखम मोठी असेल, चेहऱ्याला किंवा हाताला असेल, तर दवाखाना गाठावा.

ज्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो तिथे महिन्यातून एक रविवार घुगऱ्यांचा ठेवता येईल. मुला-मुलींच्या मिश्र जोड्या कराव्यात, एकाने शिजवण्याची तयारी केली की दुसऱ्याने भांडी घासायची, पुढच्या वेळी उलट. घरी करायचे असेल तर या शुक्रवारी रात्रीच वाटीभर मटकी भिजत घाला, म्हणजे रविवारी सकाळी मोड तयार असतील. मटकी निवडायला मुलग्याला बसवा.