महागडा कॅमेरा आणि त्याची हमी

मोल जितकें अधिक तितकी वस्तु भरंवशाची, असा समज आपल्याकडे घरोघरीं रूढ आहे. पितळेचें भांडें किंवा शिवणयंत्र यांच्या बाबतींत तो पुष्कळ अंशीं खराही ठरतो. डिजिटल कॅमेऱ्यासारख्या नाजूक यंत्राच्या बाबतींत तो कितपत टिकतो, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय चैनीचा वाटेल. परंतु तसा तो नाहीं. तालुक्याच्या गांवीं स्टुडिओ चालविणारा छायाचित्रकार कर्ज काढून कॅमेरा घेतो, आणि लग्नांतील अंतरपाट एकदांच दूर होतो. त्या क्षणीं यंत्रानें दगा दिला तर वधूवरांस पुन्हां उभें करून भागत नाहीं.

आधीं यंत्राची रचना थोडक्यांत समजून घेऊं. जुन्या कॅमेऱ्यांत भिंगामागें फिल्म असे व प्रत्येक चित्रासाठीं तिचा नवा भाग पुढें येई. म्हणून एका भागावरील धूळ त्या चित्राबरोबरच मागें राही. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं संवेदक, म्हणजे सेन्सर, कायमचा बसविलेला असतो. त्याच्यावरील कांचेवर कण चिकटला कीं तो पुसला जाईपर्यंत प्रत्येक चित्रांत त्याच जागीं उमटत राहतो.

जपानच्या निकॉन कंपनीनें सप्टेंबर २०१२ मध्यें डी६०० नांवाचा कॅमेरा जाहीर केला. भिंगाखेरीज नुसत्या कॅमेऱ्याची अमेरिकेंतील किंमत सुमारें २,१०० डॉलर होती. थोड्याच दिवसांत चित्रांवर, विशेषतः वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, काळसर ठिपके दिसूं लागल्याच्या तक्रारी निघाल्या. संवेदकापुढील शटरचा पडदा प्रत्येक चित्राच्या वेळीं वेगानें सरकतो. धूळ आणि तेलाचे सूक्ष्म थेंब यंत्राच्या आंतूनच येत असल्याचा ग्राहकांचा संशय या शटरवर होता.

येथें एक मौजेची गोष्ट आहे. भिंगाचें छिद्र मोठें ठेविलें असतां हे ठिपके जवळजवळ दिसतच नाहींत. लहान केलें कीं ठळक होतात. टाचणी मोठ्या खिडकीसमोर धरली तर मागच्या भिंतीवर तिची सावली विरून जाते, पण दूरच्या लहान दिव्यासमोर ती रेखीव पडते; त्यांतलाच हा प्रकार. म्हणून माणसांचीं चित्रें काढणारा म्हणे, "माझ्या कॅमेऱ्यांत कांहीं दोष नाहीं," आणि डोंगर व आकाश टिपणारा डोक्याला हात लावून बसे. दोघेही खरें बोलत होते! दोषाविषयींचे पुष्कळ वाद असल्याच अर्धवट पाहण्यांतून उठतात.

आतां कंपनीचें वर्तन पाहूं. फेब्रुवारी २०१३ मध्यें तिनें सूचना काढली, तींत फुंकणीनें धूळ उडवावी व तेवढ्यानें न भागल्यास कॅमेरा सर्व्हिस सेंटरकडे द्यावा, असें सांगितलें. ऑक्टोबर २०१३ मध्यें तिनें डी६१० हा जवळजवळ तसाच कॅमेरा आणला, आणि त्यांत शटर मात्र नवें होतें. जुन्या कॅमेऱ्याच्या मालकास याचा अर्थ काय लागला असेल, हें सांगणें नको. फेब्रुवारी २०१४ मध्यें, वॉरंटी संपलेली असली तरी तपासणी, सफाई व शटर बदलणें विनामूल्य होईल, असें कंपनीनें जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत, १५ मार्च या ग्राहकदिनीं, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें हें प्रकरण देशापुढें मांडलें. वारंवार दुरुस्तीस जाऊनही ठिपके न गेलेले ग्राहक त्यांत दिसले, आणि हवेंतील धुरक्याकडे बोट दाखविणारे कर्मचारीही दिसले. त्यानंतर शांघायमधील अधिकाऱ्यांनीं या कॅमेऱ्याची विक्री थांबविण्यास सांगितलें. आमच्या मतें दोष निघणें हा अपराध नव्हे. नव्या यंत्रांत तो निघतोच. कर्ज फेडणाऱ्या गिऱ्हाइकास दीड वर्ष फुंकणीवर ठेवणें, हा मात्र अपराध होय.

जर्मनीच्या लायका कंपनीचें उदाहरण याहून वेगळें आहे. सप्टेंबर २००९ मध्यें तिनें एम९ हा कॅमेरा आणला. अमेरिकेंत त्याची किंमत सुमारें ७,००० डॉलर होती. आणि लायकाचे फिल्मचे जुने कॅमेरे कुशल कारागीर आजही दुरुस्त करतात, हा लौकिक त्या किंमतीमागें उभा होता. एम९ चा संवेदक कोडॅक कंपनीनें बनविलेला होता. लायकाचीं भिंगें फिल्मसाठीं घडविलेलीं असून संवेदकाच्या फार जवळ येतात, त्यामुळें किरण कडेला तिरपे पडतात. जाड कांच ठेविली तर कोपरे बिघडतात. म्हणून पातळ कांच वापरावी लागली. तीवरील लेपांतून ओल शिरली कीं कांच गंजे आणि चित्रांत डाग उमटत. हे डाग पुसून जाणारे नव्हते. डिसेंबर २०१४ मध्यें कंपनीनें, कॅमेरा कितीही जुना असो, संवेदक फुकट बदलून देण्याचें वचन दिलें. तें ऐकून आम्हांसही समाधान वाटलें होतें. परंतु ऑगस्ट २०१७ पासून ही सवलत खरेदीपासून पांच वर्षांपुरती मर्यादित झाली, आणि पुढें तर बदलावयास नवे संवेदकच उरले नाहींत. फिल्मच्या कॅमेऱ्यांतील झिजलेलें चाक लोहार-सोनाराच्या बुद्धीचा मनुष्य नवें घडवूं शकतो. संवेदक कोण घडविणार? आतां कांहीं स्वतंत्र दुरुस्तीकार निदान वरची कांच बदलून देतात, तेवढाच आधार.

ओलीचें हें प्रकरण कोंकणच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. २००५ मध्यें सोनी कंपनीचे संवेदक उष्ण व दमट हवेंत निकामी होत असल्याचें उघड झालें. हे संवेदक इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही बसविलेले होते. त्या वेळीं बहुतेक कंपन्यांनीं दुरुस्ती विनामूल्य केली. वेंगुर्ल्याचा आषाढ कॅमेऱ्यास कोणत्याही प्रयोगशाळेइतकाच कठीण आहे. भिंगावर बुरशी धरते ती निराळीच.

आपल्याकडील खरेदीदारानें बिल घेतांना त्यावर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा. चोरट्या आयातीचा माल स्वस्त मिळतो, पण कंपनीची भारतांतील वॉरंटी त्यास बहुधा लागूं होत नाहीं. नवा कॅमेरा हातीं येतांच छिद्र लहान करून, म्हणजे एफ १६ वर, निरभ्र आकाशाचें एक चित्र घ्यावें, व कांहीं शें चित्रें झाल्यावर तसेंच दुसरें घेऊन दोन्ही ताडून पाहावीं. ठिपके वाढलेले दिसल्यास तक्रार लेखी करावी. तोंडी आश्वासनाची नोंद कोठेंच राहत नाहीं. २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें तक्रारदारास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें. वस्तु मुंबईस घेतली म्हणून रत्नागिरीच्या मनुष्यास मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहींत. आणि वस्तूची किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्कही पडत नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचें कारण घडल्या दिवसापासून मोजतात.