‘ऑटोफोकस चालतो’ असं लिहून दिलं होतं

त्या दुकानदाराचा मेसेज मी अजून पुसलेला नाही. मी विचारलं होतं, “माझी बॉडी निकॉन डी५६०० आहे. तिच्यावर ही लेन्स ऑटोफोकस करेल ना?” उत्तर आलं, “हो ताई, ऑटोफोकस चालतो. बिनधास्त घ्या.” यापेक्षा स्पष्ट प्रश्न आणि यापेक्षा स्पष्ट उत्तर मला तरी सुचत नाही. तरीही नंतर फोटोग्राफरांच्या वर्तुळात माझ्याबद्दल पसरलं ते असं, की बाईंना लेन्समधलं काही कळत नाही, न विचारता घेतली आणि आता ओरडतायत. मी विचारलं होतं. लेखी विचारलं होतं. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगते.

मी सांगलीत लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते. डोहाळजेवण, बारसं, आजीची पंच्याहत्तरी, स्थळासाठी मुलामुलींचे फोटो. स्टुडिओ नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स ५५ला नेली की तिचं अॅपर्चर ५.६च्या पुढे उघडत नाही. संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या घरात आयएसओ ३२००वर जातो आणि गालावर दाणे दिसायला लागतात. फ्लॅश मारला तर चेहरा पांढरा पडतो आणि मागच्या भिंतीवर सावली चिकटते. ५.६ ऐवजी १.८ मिळालं तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. ३२००चं काम ४००च्या आत होतं. मला हवा होता तो हा प्रकाश. मागचं धूसर दिसणं नंतरचं. बजेट अठरा हजार, त्यातून एक रुपया वर जाणार नव्हता.

मी त्या दुकानदाराकडे ५०ची मागितली होती. एएफ-एस ५० एमएम, १.८ जी. सेकंडहँड चालेल म्हटलं होतं. तो म्हणाला, “ताई, पोर्ट्रेट म्हणजे ८५च. ५० कॉलेजची पोरं घेतात. तुम्ही धंदा करता ना? गिऱ्हाइकानं लेन्स बघितली पाहिजे.” आणि १.८ डी ही जुनी ८५ सोळा हजारांत काढून दाखवली. व्हिडिओ कॉलवर. लेन्स एका कॅमेऱ्यावर लावलेली, शटर अर्धं दाबलं की खर्रर आवाज करत फोकस इकडून तिकडे पळत होता. “बघा, मोटर कशी कडक आहे!” हे त्याचेच शब्द. तेव्हा मी तो वरचा प्रश्न मेसेजवर टाकला, उत्तर घेतलं आणि मग पैसे पाठवले.

पार्सल आलं त्या दिवशी संध्याकाळी मिरजेला डोहाळजेवण होतं. घरीच लेन्स लावली. लेन्सवरचं अॅपर्चरचं कडं १६वर नेऊन लॉक करायचं असतं, नाहीतर कॅमेरा एरर दाखवतो. ते केलं. समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि शटर अर्धं दाबलं. काही नाही. खर्रर नाही, हालचाल नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आले, लेन्स काढून पुसून परत लावली. काही नाही. हाताने कडं फिरवलं की चित्र स्पष्ट होत होतं आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका लागत होता. म्हणजे लेन्स मेलेली नव्हती.

आमच्या गल्लीपलीकडे लग्नाचं काम करणारे एक काका राहतात, त्यांच्याकडे डी७२०० आहे. लेन्स घेऊन तशीच गेले. त्यांनी लेन्स उलटी केली आणि मागच्या धातूच्या कड्यातली छोटी खाच दाखवली, स्क्रूड्रायव्हरचं टोक बसेल अशी. मग स्वतःच्या कॅमेऱ्याच्या माउंटवर बोट ठेवलं. तिथे एक बारीक दांडी बाहेर आलेली होती. माझ्या डी५६००वर त्या जागी गुळगुळीत धातू. त्यांनी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली, शटर अर्धं दाबलं आणि खर्रर. अगदी तोच आवाज.

त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्हिडिओत ज्या मोटरचं त्याने कौतुक केलं, ती लेन्समध्ये नव्हतीच. ती त्याच्या कॅमेऱ्यात होती. या लेन्सला स्वतःची मोटर नसते, कॅमेऱ्यातली मोटर ती दांडी फिरवते आणि दांडी लेन्स फिरवते. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या कॅमेऱ्यांत ती मोटर नसते. वर्षानुवर्षं निकॉन विकणाऱ्या माणसाला हे माहीत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

डोहाळजेवणाला मी ती घेऊन गेले. हिरव्या ठिपक्यावर हाताने फोकस करून बघितलं. ओटी भरताना बाई वाकते, हसते, मान वळवते आणि तोवर फोकस नाकावरून कानावर गेलेला असतो. अॅपर्चर ४ला आणलं तर फोटो जमत होते, पण मग ज्या प्रकाशासाठी पैसे मोजले तो प्रकाशच गेला. शेवटी १८-५५ लावून काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, “तुमच्या बॉडीत मोटर नाही, त्यात आमच्या लेन्सचा काय दोष?” मेसेजची आठवण करून दिली. “प्रोफेशनल लोक मॅन्युअलच वापरतात.” मी आवाज चढवला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मिस्टरांना फोन द्या, त्यांना समजावतो.” माझ्या नवऱ्याने आयुष्यात मोबाइलपलीकडे कॅमेरा हातात धरलेला नाही. सौदा ठरवताना मी ‘ताई’ होते, पैसे मागितल्यावर ‘मॅडम’ झाले आणि मग बोलायच्याही लायकीची उरले नाही. हे मी विसरणार नाही.

मग त्याने नऊ हजारांत परत घेतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. तेव्हा कायदा शिकवला, “तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही.” इथे नीट लक्ष द्या, कारण पुष्कळ फोटोग्राफर एवढ्यावरच गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये स्पष्ट आहे, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. मी एकटी काम करते, कॅमेरा मीच चालवते. तक्रार स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक, त्याचा मेसेज आणि व्हिडिओ कॉलनंतर त्याने पाठवलेली क्लिप असं सगळं एकत्र त्याला पाठवलं. पुढच्या आठवड्यात पैसे आले. त्यातून दीड हजार ‘चेकिंग’चे कापून. पाऊस तोंडावर होता, कामं थांबली होती, म्हणून मी ते सोडले. पण त्याला ते मिळायला नको होते, हे आजही माझं ठाम म्हणणं आहे.

आता ज्यांना पंधरा-वीस हजारांत पोर्ट्रेटची लेन्स घ्यायची आहे त्यांच्यासाठी. बजेट आधी ठरवा आणि त्याला चिकटून राहा, हे सगळेच सांगतात. मी सांगते, आधी तुमची खोली मोजा. आपल्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ८५ लावली की ती फुल फ्रेमवर सुमारे १२८ दाखवेल तेवढंच दाखवते. उभा कॅमेरा धरून डोक्यापासून कमरेपर्यंत घ्यायचं तर साधारण अकरा फूट मागे जावं लागतं आणि पूर्ण उभा माणूस घ्यायचा तर चोवीस फूट. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आणि कपाट वगळून अकरा फूट कुठून आणायचे? माणूस भिंतीला चिकटतो, आपण समोरच्या भिंतीला चिकटतो आणि मागे धूसर व्हायला काही उरतच नाही. तेच ५०वर सहा-सव्वासहा फुटांत होतं. पूर्ण उभा माणूस चौदा फुटांत, म्हणजे हॉलमधून किंवा दारातून जमतो. बागेत, नदीकाठी प्री-वेडिंग करणाऱ्यांनी ८५ जरूर घ्यावी, सुंदर लेन्स आहे. घराघरांत फिरणाऱ्यांनी ५०. चेहऱ्याची ठेवण बदलते ती आपण किती लांब उभे राहतो त्यावर, लेन्सवरच्या आकड्यावर नाही. तेव्हा ‘पोर्ट्रेट म्हणजे ८५च’ म्हणणाऱ्याला विचारा, किती फुटांवरून?

निकॉनच्या जुन्या लेन्सच्या नावात नुसतं ‘एएफ’ असेल आणि पुढे ‘एस’ किंवा ‘पी’ नसेल, तर डी३५००, डी५३००, डी५६०० वाल्यांनी हात लावू नये. झेड मालिकेतल्या मिररलेसवर एफटीझेड अॅडॉप्टर लावूनही ती ऑटोफोकस करत नाही, कारण अॅडॉप्टरमध्येही मोटर नाही. कॅननच्या ईएफ लेन्सचं बरं आहे. मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे ५० एमएम १.८ एसटीएम कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर बिनघोर घ्यावी.

आणखी एक, जे मला काकांनी शिकवलं. सेकंडहँड लेन्स कधीकधी डोळ्याऐवजी कानावर फोकस करते. डी७२००मध्ये ते सेटिंगमधून दुरुस्त करता येतं, डी५६००मध्ये ती सोय नाही. म्हणून लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, १.८वर, एक मीटरवरून माणसाच्या डोळ्यावर फोकस करून फोटो घ्या आणि झूम करून बघा. एवढ्या जवळून फोकसमध्ये जेमतेम तीन सेंटिमीटर येतात, त्यामुळे चूक लगेच दिसते. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये घ्या. तिथे डोळा स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतलेला अस्पष्ट, तर ती जोडी तुमची नाही.

बुरशीसाठी अॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. कृष्णेचा २०१९चा पूर बघितलेल्या आम्हा लोकांना घरात दमटपणा काय करतो हे सांगावं लागत नाही. अॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आहे का तेही त्याच वेळी बघा. पावती घ्या, सीरियल नंबर टाकून घ्या, आणि ‘अमुक बॉडीवर ऑटोफोकससह तपासली’ हे वाक्य पावतीवर विकणाऱ्याच्या हातचं हवं. नुसती व्हिडिओ क्लिप पाहून पैसे पाठवू नका. क्लिपमध्ये कॅमेरा कोणता आहे ते तो सांगत नाही.

मला ५० इथल्याच एका फोटोग्राफरकडून मिळाली. तो मिररलेसवर गेला म्हणून विकत होता. घरी येऊन माझ्या कॅमेऱ्यावर लावून, माझ्या मुलीचे फोटो काढून दाखवून गेला, आणि पैसे दुसऱ्या दिवशी दिलेत तरी चालतील म्हणाला.

ती ८५ त्या दुकानदाराने परत विक्रीला लावली आहे. खाली लिहिलंय, ‘सर्व निकॉन डीएसएलआरवर चालते’. मी त्याला तेव्हाच मेसेज केला की हे खोटं आहे, बदला. निळ्या खुणा आल्या, मजकूर अजून तोच आहे.