मिलिकन यांची कच्ची वही

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत तुम्ही दोन वह्या वापरता. एक कच्ची आणि एक पक्की. प्रयोग चालू असताना घाईघाईने आकडे टिपायचे ते कच्च्या वहीत. नंतर सावकाश, सुवाच्य अक्षरांत, आखलेल्या तक्त्यात उतरवायचे ते पक्क्या जर्नलमध्ये. गुण मिळतात ते पक्क्या जर्नलला. वर्ष संपले की कच्ची वही रद्दीत जाते.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा एका विद्यार्थ्याने साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढले. त्याच्या पक्क्या जर्नलमध्ये लंबकाची लांबी १०० सेंटीमीटर असो, ६० असो की ४० असो, उत्तर दर वेळी ९.८! इतके आज्ञाधारक लंबक मी पाहिलेले नाहीत. मी कच्ची वही मागितली, तेव्हा तो जरा बिचकला. त्या वहीत तीन उत्तरे होती: ९.५९, ९.४६ आणि ९.३१. तिन्हींवर काट मारलेली होती.

या काट मारलेल्या आकड्यांकडे आपण शेवटी परत येऊ. त्याआधी एका थोर शास्त्रज्ञाच्या कच्च्या वहीची हकीकत ऐका.

अमेरिकेत पॅसाडेना येथे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे विद्यापीठ आहे. त्यालाच थोडक्यात कॅल्टेक म्हणतात. तेथे जुन्या कागदपत्रांचे एक अभिलेखागार आहे. प्राध्यापकांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, हस्तलिखिते असे एरवी रद्दीत गेले असते ते कागद तेथे जपून ठेवले आहेत. त्यांतच रॉबर्ट मिलिकन यांच्या प्रयोगाच्या दोन वह्या आहेत. त्यांत २८ ऑक्टोबर १९११ पासून १६ एप्रिल १९१२ पर्यंतच्या नोंदी आहेत. मिलिकन त्या वेळी शिकागो विद्यापीठात होते. १९२१ मध्ये ते कॅल्टेकला आले आणि त्यांचे कागदही अखेर तेथेच राहिले.

प्रयोग कोणता, ते पाहू. दोन सपाट धातूच्या तबकड्या एकीवर एक, सुमारे दीड सेंटीमीटर अंतरावर ठेवलेल्या असतात. अत्तरदाणीसारख्या फवाऱ्याने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब उडवायचे. वरच्या तबकडीच्या छिद्रातून एखादा थेंब आत उतरतो. बाजूने प्रकाश टाकून छोट्या दुर्बिणीतून पाहिले, तर तो चांदणीसारखा चमकतो. हवेच्या विरोधामुळे तो लवकरच एकसारख्या वेगाने पडू लागतो. हा वेग मोजला की थेंबाचा आकार कळतो. मग तबकड्यांना काही हजार व्होल्टचा दाब जोडायचा. थेंबावर विद्युतभार असेल, तर तो वर चढू लागतो. चढण्याचा वेग मोजला की थेंबावर किती विद्युतभार आहे, ते काढता येते.

आता एक थेंब मोजून काय साधणार? म्हणून अनेक थेंब मोजायचे. समजा, तुमच्यापुढे बंद पिशव्या आहेत आणि प्रत्येकीत सारख्या वजनाच्या काही गोट्या आहेत. पिशवी उघडायची नाही, फक्त तोलायची. गोट्यांची वजने भरली ३५, ४९ आणि ५६ ग्रॅम. तुम्ही लगेच मसावि काढाल आणि म्हणाल, एक गोटी ७ ग्रॅमची असावी. जितक्या अधिक पिशव्या, तितकी खात्री अधिक. मिलिकन यांनी नेमके हेच केले. गोटी म्हणजे एका इलेक्ट्रॉनाचा विद्युतभार.

पण एखादी पिशवी ३९ ग्रॅम भरली तर? काटा चुकला असेल, पिशवीत खडे गेले असतील, किंवा खरोखरच फुटकी गोटी असेल! हा प्रश्न नुसता कल्पनेतला नव्हता. व्हिएन्नाचे फेलिक्स एहरेनहाफ्ट यांनी १९१० साली असे जाहीर केले, की इलेक्ट्रॉनाहूनही लहान विद्युतभार आपल्याला सापडले आहेत. त्यामुळे मिलिकन यांच्या प्रत्येक वेड्यावाकड्या आकड्याला फार मोठा अर्थ आला होता.

ऑगस्ट १९१३ मध्ये मिलिकन यांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ५८ थेंबांची मोजमापे होती. हे थेंब निवडून घेतलेले नसून ओळीने ६० दिवसांत ज्यांच्यावर प्रयोग केला ते सर्व थेंब आहेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या गौरवात या कार्याचा मोठा वाटा होता.

पुढे विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक जेरल्ड होल्टन यांनी त्या वह्या उघडल्या आणि १९७८ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वह्यांत ५८ हून कितीतरी अधिक थेंब होते! निबंधातल्या दिवसांपुरते पाहिले, तरी त्यांची संख्या शंभराच्या आसपास भरते. काही पानांवर मिलिकन यांनी खुशीने शेरे मारले होते, की हा थेंब फारच सुंदर, हा छापायचाच. काही पानांवर मात्र शेरा होता, की येथे काहीतरी चुकले आहे, हा घ्यायचा नाही.

मग मिलिकन यांनी लबाडी केली काय? घाईने निर्णय देऊ नका. बाद केलेल्या काही थेंबांची मोजणी अर्धवटच राहिली होती. थेंब फार लहान असला तर हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो डळमळतो; फार मोठा असला तर इतक्या लवकर पडतो, की वेळ नीट मोजता येत नाही. असे थेंब सोडण्यास सबळ कारण असू शकते. १९८१ मध्ये ॲलन फ्रँकलिन यांनी वह्यांतील आकड्यांवरून सर्व गणित पुन्हा केले. वगळलेले थेंब धरले, तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. फक्त त्रुटीची मर्यादा थोडी वाढते, असे त्यांना आढळले.

म्हणजे उत्तरासाठी थेंब लपवण्याची गरजच नव्हती. तरीही 'सर्व थेंब' हे विधान खरे नव्हते, आणि तो दोष राहतोच. काही थेंब वगळले आणि ते या कारणांसाठी, एवढे लिहिले असते तर पुरेसे होते.

याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. मिलिकन यांचे उत्तर आजच्या एककात १.५९२ असे येते. २०१९ पासून हे मूल्य १.६०२१७६६३४ असे कायमचे ठरवून दिले आहे. (दोन्ही आकडे १० च्या उणे १९ व्या घाताने गुणायचे, एकक कूलोम.) मिलिकन आपली त्रुटी सुमारे ०.२ टक्के मानत होते; प्रत्यक्षात ती ०.६ टक्के निघाली. कारण काय? त्यांनी हवेच्या विष्यंदितेसाठी जो आकडा वापरला तोच थोडा कमी होता. ज्या थेंबांवर त्यांचा संशय होता त्यांच्यात ही चूक नव्हती. ज्या आकड्यावर संशय आला नाही त्यात ती लपली होती.

चूक कोठे लपली आहे हे आधी कळत नाही, म्हणूनच सगळे आकडे राखायचे असतात. आता आपल्या त्या विद्यार्थ्याचे आकडे पुन्हा पाहा. लांबी १०० असता ९.५९, ६० असता ९.४६, ४० असता ९.३१. लांबी घटते तसे उत्तरही घटते! हे आकडे नुसते चुकलेले नव्हते, तर एका दिशेने चुकलेले होते. आम्ही दोघांनी मोजपट्टी घेतली. त्याने दोरा गोलकाच्या आकडीपर्यंतच मोजला होता. आकडीची उंची आणि गोलकाची त्रिज्या मिळून २ सेंटीमीटर राहून गेले होते. प्रत्येक लांबीत २ मिळवून पाहा, तिन्ही उत्तरे ९.७८ येतात. पक्क्या जर्नलमधल्या सुबक ९.८ वरून ही चूक आम्हांला जन्मात सापडली नसती.

त्या मुलाच्या हातून एक गोष्ट मात्र चांगली झाली होती. आकडे त्याने रबराने पुसले नव्हते. खाली वाचता येतील अशी एकच रेघ मारली होती. मिलिकन यांनीही नको असलेली पाने फाडून टाकली नाहीत. म्हणूनच साठाहून अधिक वर्षांनी त्यांची चूकही कळली आणि त्यांचे उत्तर भक्कम असल्याचेही कळले.

तेव्हा पुढच्या प्रयोगाला बसताना कच्च्या वहीत तारीख घाला. शाईने लिहा. आकडा सोडायचा असेल, तर एक रेघ मारून शेजारी कारण लिहा. आणि शिक्षक मित्रहो, गुण देताना कधीतरी कच्ची वहीही मागून पाहा. ९.४६ प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला ९.८ लिहिणाऱ्याहून कमी गुण मिळत असतील, तर खोडरबर आपणच मुलांच्या हाती देत आहोत.