शब्दाची किंमत : फिलिपीन्समधील युद्धकालीन नोटा

नोट म्हणजे काय, याची व्याख्या मी अर्थशास्त्राच्या परीक्षेसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र दुसऱ्या महायुद्धातील फिलिपीन्सविषयी वाचताना कळला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या अधिपत्याखालील या द्वीपसमूहावर हल्ला केला. २ जानेवारी १९४२ रोजी राजधानी मनिला जपान्यांच्या हाती गेली. बेटांमधील दळणवळण तुटले आणि राजधानीतून येणारा पैसा थांबला. सैनिकांचे व सरकारी नोकरांचे पगार द्यायचे कशातून? तेव्हा अध्यक्ष मान्युएल केझॉन यांच्या सरकारच्या संमतीने सेबू, बोहोल, इलोइलो, नेग्रोस अशा ठिकाणी स्थानिक चलन समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांनी आपापल्या नोटा छापल्या. मे १९४२ मध्ये कोरेगिडोरचा किल्ला पडल्यावरही डोंगरांत गेलेल्या गनिमी सैनिकांच्या आधाराने हे काम चालू राहिले. चांगला कागद मिळेना, तेव्हा सामान बांधायचा कागद आणि शाळेच्या वह्यांची पानेही वापरली गेली. काही ठिकाणी लाकडात कोरलेल्या ठशांनी छपाई झाली.

जपान्यांनीही स्वतःच्या नोटा काढल्या. त्या दिसायला सुबक होत्या, परंतु त्या किती छापाव्यात याला धरबंद राहिला नाही. महागाई इतकी भडकली की, अखेरीस हजार पेसोंची नोट निघाली. लोक त्या नोटांना थट्टेने ‘मिकी माउस’चे पैसे म्हणत. उलट, गनिमांची ओबडधोबड नोट जवळ सापडली तर देहदंडाचीही भीती होती. तरीही लोकांनी त्या नोटा लपवून जपल्या.

असे का? माझ्या मते, पहिल्या नोटेमागे बंदुकीची सक्ती होती, दुसऱ्या नोटेमागे ‘युद्ध संपल्यावर पैसे देऊ’ असा आपल्या माणसांचा शब्द होता.

हे वाचताना मला आमच्या घरातील एक कागद आठवला. कांदा विकल्यावर व्यापाऱ्याने वडिलांना पैशांऐवजी हिशेबाची पट्टी दिली होती, ‘आठ दिवसांनी या.’ वडिलांना वाचता येत नाही. तरी ती पट्टी त्यांनी पेटीत जपून ठेवली. पैसे मिळायला चार महिने लागले. तोवर माझी फी उसनवारीने भरली गेली.

फिलिपीन्समध्येही शब्द पूर्णपणे पाळला गेला नाही. युद्धानंतर नोंदणी करून पुष्कळ नोटा बदलून देण्यात आल्या, सगळ्या नव्हेत. ज्यांनी भीतीपोटी त्या जाळल्या, त्यांच्यापाशी दाखवायलाच काही उरले नव्हते. जपानी नोटांचे तर १९४५ मध्ये कागदच झाले.

म्हणून मला वाटते, नोटेचा इतिहास हा केवळ सरकारांचा इतिहास नाही. कागद हाती घेऊन वाट पाहणाऱ्या माणसांचाही तो इतिहास आहे. आमच्या पुस्तकातील व्याख्येत ही माणसे कोठेच नाहीत.